चार बोटं कंबर

मला आमच्या शिवणखात्यात सगळे कात्री म्हणतात. कापडं मी कापते म्हणून, असं मी समजते. बाकीच्यांचं मत वेगळं आहे, ते त्यांनी आपल्यापाशी ठेवावं. पण ही गोष्ट माझी नव्हे. माझ्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं बसलेल्या बाईची आहे. तिला सगळे मावशी म्हणतात. खरं तर ती एकाच पोरीची मावशी. बाकीचे आम्ही फुकटचे भाचे.

आम्ही चित्रपटांचे कपडे शिवतो. मारामारीचा चित्रपट असला की प्रत्येक कपडा दोनदा शिवायचा. एक नटासाठी आणि एक त्याच्या डुप्लिकेटसाठी, म्हणजे त्याच्याऐवजी जो पडतो, आपटतो आणि ज्याचं तोंड कधी दिसत नाही त्याच्यासाठी. डुप्लिकेटचा कपडा आतून जरा सैल ठेवतात, कारण त्याच्याखाली पॅड बसवायचे असतात. हे पॅडचं काम मावशीचं, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. माणूस समोर उभा राहिला की ती टेप नंतर काढते, आधी अंगठ्याने हाडं चाचपते. ढोपर, कोपर, खांदा, माकडहाड. एक दांडगा गडी एकदा गुदगुल्या होऊन टेबलाखाली जाऊन बसला होता. मावशी ढिम्म. त्याला बाहेर काढलं आणि राहिलेलं कोपर चाचपलं.

स्वभाव काळजीचा. काळजी करायला तिला कारण लागत नाही. नसलं तर ती शोधून आणते. घराला कुलूप लावून निघाली की अर्ध्या वाटेतून परत जाऊन कुलूप ओढून बघणार. मी कितीदा म्हटलं, अगं बाई, तुझ्या घरात आहे काय चोराला न्यायला? तर म्हणते, चोराला काय माहीत तिथे काही नाही ते.

बहीण वारली तेव्हा बहिणीची पोरगी चार वर्षांची. बापाने दुसरं लग्न केलं आणि पोरगी हिच्याकडे आली ती कायमची. माय मरो पण मावशी उरो, म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातं? उरलेल्या मावशीला विचारा. हिने स्वतःचं लग्न पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं, आणि मग ढकलायला काही उरलं नाही. पोरगी आमच्या कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात वाढली. टेबलावरून पडायची, जिन्यावरून पडायची, आणि पडली की उसळून उभी. आम्ही तिला चेंडू म्हणायला लागलो. शाळेत कसरतीत बक्षिसं आणली. एकोणीस वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, मी डुप्लिकेट होणार.

मावशी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली आणि चेंडूच्या मापाचे पॅड शिवायला बसली. हा झाला तिचा होकार.

नायिकेच्या जागी पडायला बाईच लागते असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही भोळे आहात. आमच्याकडे अठरा वर्षं नायिकांच्या जागी एक पुरुष पडतोय. सडपातळ, बुटका, डोक्यावर लांब केसांचा टोप चढवला की पाठमोरा अगदी बाई. त्याला सगळे वहिनी म्हणतात. दोन पोरांचा बाप आहे, स्वभावाने देवमाणूस, आणि वहिनी म्हणून हाक मारली की आनंदाने ओ देतो. चेंडूला मिळायची ती किरकोळ कामं. धावणं, कुंपणावरून उडी, पाण्यात पडणं. मोठं पडणं आलं की टोप घालून वहिनी हजर. सहा वर्षं असंच चाललं.

मग तो मोठा चित्रपट आला. सगळा नायिकेचा. नायक नाहीच, ती एकटी सगळं शहर वाचवते. कपड्याचं चित्र आमच्या भिंतीवर लागलं. मांडीच्याही वर संपणारी तोकडी चड्डी, उघडं पोट, उघडी पाठ, खांद्यावर दोन पट्ट्या आणि पायात गुडघ्याच्या खालीच थांबणारे बूट. मधल्या भागात नायिका दगडी जिन्यावरून गडगडत खाली येते. एकवीस पायऱ्या. आणि फाइट मास्टरने म्हणजे मारामारी बसवणाऱ्याने सांगितलं, हे पडणं चेंडू करणार.

पोरगी घरभर नाचली. मावशी भिंतीवरच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली ती हलेना. मी विचारलं, काय बघतेस? तर चित्रावर बोट ठेवून पुटपुटत होती. ढोपर उघडं. कोपर उघडं. खांदा उघडा. पाठ सगळी उघडी. पॅड लावायला तिला त्या बाईच्या अंगावर टीचभर कापड सापडत नव्हतं.

त्यातच नायिकेचा त्या कपड्यातला फोटो बाहेर आला आणि गावभर कल्ला उडाला. टीव्हीवर रोज चारजण बसून भांडायचे. आमच्या खात्यात डबे उघडले की तेच. काज-बटणवाली म्हणायची, पुरुष शहर वाचवायला निघाला की कोट घालतो, बूट घालतो, हातमोजेसुद्धा घालतो, आणि बाई निघाली की तिचे कपडे का संपतात? हातशिलाईची पोरगी उसळून म्हणायची, अंग तिचं आहे, ती दाखवेल नाहीतर झाकेल, तुमच्या पोटात का दुखतं? आणि सुंदर दिसली म्हणून तिची ताकद कमी होते का? इस्त्रीवाल्याने मध्ये तोंड घातलं की मला तर आवडतो बुवा फोटो. त्या दोघी एकमेकींना सोडून त्याच्यावर तुटून पडल्या. मी म्हटलं, तुमचं दोघींचं खरं आहे, आता जेवा. खरंच मला दोघींचं पटायचं, ज्या वेळी जी बोलत असेल तिचं.

मावशी मात्र या वादात पडली नाही. डब्यातलं चिवडत बसायची. तिच्या हातून चुका व्हायला लागल्या. एका अंगरख्याच्या दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं काम मी उसवलं, तिला न सांगता. मला भीती वाटायला लागली होती की पोरगी पडायच्या आधी हीच आडवी होते.

मग एका सकाळी दिग्दर्शक बाई स्वतः आमच्याकडे आली. तरुण, चष्मा, डोळ्यांखाली काळं. टीव्हीवरच्या वादाने पार पिचून गेली होती बिचारी. म्हणाली, बाहेरच्यांचं ऐकून कंटाळले, तुम्ही बायका रोज हे कपडे शिवता, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. सगळ्या डब्यावर वाघिणी, आणि बाई समोर आली की दोरे वेचतायत. माझंसुद्धा तेच झालं, खोटं कशाला बोलू?

बोलली ती मावशी. "बाई, ही चांगली दिसते की वाईट ते मला कळत नाही," म्हणाली. "पण ढोपराचं पॅड कुठे लावू ते तुम्ही मला सांगा. एकवीस पायऱ्या आहेत. दगडाच्या."

दिग्दर्शक बाई त्या चित्रापाशी गेली. मग तिने ते भिंतीवरून काढलं आणि घेऊन गेली. आठवड्याने नवं चित्र आलं. जाड कापडाची पूर्ण विजार, गळ्यापासून नितंबापर्यंत जाकीट, लांब बाह्या. पेपरात मोठा लेख आला, लढण्याजोगे कपडे घातलेली नायिका अखेर आली म्हणून. काज-बटणवालीने तो लेख भिंतीवर चिकटवला. हातशिलाईची पोरगी म्हणाली, गोणी दिसते गोणी, पण तिलाही आतून बरं वाटलं असणार.

आणि मावशी! तिला तेवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. स्पंजचे तीन थर घेतले, प्रत्येक थर वेगळा टाचला, पाठीचं पॅड मानेपासून माकडहाडापर्यंत सलग केलं. स्वतःच्या ढोपरावर बांधून फरशीवर दाणकन गुडघे टेकून बघितलं. मी म्हटलं, आता तू पण उड्या मारणार का या वयात? तर हसली. हसली ती!

मापाच्या दिवशी ती टेप गळ्यात घालून दाराकडे बघत बसली होती. दार उघडलं आणि आत आला वहिनी.

आम्हाला वाटलं असाच आला असेल, चहा प्यायला. तो संकोचून कोपऱ्यात उभा राहिला. म्हणाला, माझंच माप आहे. मावशीला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, चेंडूचं आहे आज. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मावशी, कपडे तोकडे होते तोवर मी चाललो नसतो. पोरगीच लागली असती. आता तुम्ही सगळं झाकलंत. मास्टर म्हणाला, झाकलेलं आहे तर सवयीचा माणूसच घेऊ."

आमच्या खात्यात मशिनं चालू असताना कुणाचं ऐकू येत नाही, पण त्या वेळी सगळी मशिनं बंद पडली. अठरा वर्षं आम्ही वहिनीचे कपडे शिवत होतो आणि त्याच्या अंगावर कधी उघडा कपडा शिवला नाही, हे आमच्या एकीच्याही टाळक्यात आलं नव्हतं. आपल्या पोरीला एवढी तरी कामं मिळतात ती उघड्या दंडामांड्यांमुळे, हेही नाही. मावशीने माप घेतलं. कामाला ती कधी नाही म्हणत नाही. अंगठ्याने चाचपत कंबरेशी आली आणि थांबली. त्याने सदरा वर करून दाखवलं. माकडहाडाच्या वर वीतभर व्रण. गेल्या वर्षी गाडीच्या टपावरून पडला तेव्हाचा. आत पट्टी आहे लोखंडाची, म्हणाला, बाकी झकास.

संध्याकाळी चेंडू आली. तिला फोनवर कळलं होतं. आल्या आल्या भांडेल असं वाटलं होतं, पण ती शांत बोलली, आणि तेच वाईट. म्हणाली, "सहा वर्षं मी त्या जिन्याची वाट बघत होते. माझं तोंड दिसणार नव्हतं, नाव शेवटी बारीक अक्षरात आलं असतं, तेसुद्धा कुणी वाचलं नसतं. पण पडणार मी होते, मावशी. तू मला विचारलंस का?"

मावशी म्हणाली, हाडं शाबूत राहिली तर काम पुन्हा मिळेल. चेंडू म्हणाली, कसं मिळेल? आता सगळेच पाय झाकणार, तू शिकवलंस ना त्यांना. आणि निघून गेली.

त्यानंतर आठ दिवस एका खोलीत राहून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सगळा कारभार माझ्यामार्फत. मी वरच्या मजल्यावर राहते, त्याची शिक्षा. "कात्रीमावशी, तिला सांग मला भूक नाही." "कात्रे, तिला सांग झाकून ठेवलंय." नवव्या दिवशी मी दोघींना ओरडले की मी काय टपाल आहे का? तुमच्या भांडणात माझ्या गुडघ्यांचा जीव गेला जिने चढून-उतरून.

दहाव्या दिवशी दुपारी बाकीचे चहाला गेले असताना चेंडू आमच्याकडे आली. जाकीट टेबलावर होतं. तिने ते पालथं केलं आणि पाठीच्या खालच्या भागावर हात ठेवला. म्हणाली, फक्त एवढं उघडं कर. वीतभर. बाकी सगळे पॅड राहू देत. कंबर उघडी असली की वहिनीचा व्रण दिसणार. रंग फासून तो झाकत नाही, मास्टरने एकदा करून बघितलंय. मग मीच लागणार.

मावशीने तिथे काय बघितलं होतं ते मला माहीत होतं. वहिनीचं माप घेताना तिचा अंगठा त्याच जागी थांबला होता. मला वाटलं आता ही पोरीच्या मुस्काटात देणार. तिने दिली नाही. ती म्हणाली, दोन बोटं. पोरगी म्हणाली, दोन बोटांत काही दिसत नाही, वीत. मावशी म्हणाली, तीन. भाजीवाल्याशी करावी तशी दोघींची घासाघीस चालली होती. शेवटी चार बोटांवर तुटलं. मी म्हटलं, आण, मी कापते, कापायचं काम माझं. मनात होतं की जरा कमीच कापावं. मावशीने कात्री माझ्या हातातून काढून घेतली. आपली चार बोटं त्या पाठीवर आडवी ठेवली, वर-खाली खडूने रेघा मारल्या आणि कापलं. लांबलचक पॅडचे दोन तुकडे झाले. कापलेली पट्टी तिने टोपलीत टाकली नाही, घडी करून पाकिटात ठेवली. मी तोंड फिरवलं. मला बघवेना.

बाकी सगळं सोपं गेलं, हेच संतापजनक. कपड्यांची चित्रं काढणाऱ्या ड्रेसवाल्या बाईला मावशीने सांगितलं की हात वर केला की जाकीट पाठीत ओढतं, म्हणून दोन्ही जाकिटांना फट ठेवली. नायिकेने घालून आरशात पाठ बघितली आणि खूश झाली. गोणी वाटत होतं तिलाही. दिग्दर्शक बाई थकलेली होती, म्हणाली, एवढ्यावर आता कोण भांडणार? ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी फाइट मास्टरचा चेंडूला फोन आला. वहिनी आपला टोप न्यायला आला होता तेव्हा तिला एवढंच सांगून गेला की हनुवटी छातीला लाव आणि पायऱ्या मोजू नकोस.

पडायच्या दिवशी कपडा घेऊन आम्ही दोघी गेलो. तो जिना मी पाहिला आणि मला घरी जावंसं वाटलं. ऐकताना एकवीस पायऱ्या एवढ्या वाटल्या नव्हत्या हो. पायऱ्यांच्या कडा घासून मऊ केल्यात असं एकजण सांगत होता. मावशीने जाऊन कडेवरून अंगठा फिरवला आणि परत आली.

पहिल्या वेळी चेंडू चौदाव्या पायरीला अडली. दुसऱ्या वेळी पूर्ण खाली आली, उठली, पण कॅमेरा नीट नव्हता म्हणे. मावशीने जाऊन पाठीचे टाके तपासले, सैल झालेला एक पक्का केला. मी तिला म्हटलं, बस कर म्हण, तुझं ऐकेल ती. मावशी म्हणाली, "आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी." एवढंच. तिसऱ्या वेळी पोरगी सुटली आणि मध्यावर कुठेतरी तिचं अंग तिरकं झालं. आवाज आला. पहिल्या दोन वेळांना तो आवाज आला नव्हता. खाली येऊन ती पडून राहिली. दिग्दर्शक बाई ओरडली की उत्तम, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती पडलेलीच. मी मावशीकडे बघितलं. सुईत दोरा ओवलेला, हात तसाच वर. मग चेंडूने एक ढोपर टेकलं, दुसरं टेकलं आणि उभी राहिली. हसत होती. मावशीने सुई पदराला खोचली.

हाड मोडलं नाही. दवाखान्यात दोन-दोनदा फोटो काढून बघितलं. पण कंबरेला अशी सूज आणि असं काळंनिळं की महिनाभर पालथं पडून राहा म्हणाले. वरच्या पॅडखाली खरचटलेलंसुद्धा नाही, खालच्या पॅडखाली नाही. मार बसला तो बरोबर मधे. मावशी रोज शेकायची. डोळे कोरडे, पण शेकताना ओठ हलायचे. कुणाशी बोलायची मला माहीत आहे. बहिणीची माफी मागत असायची.

त्याच दिवसांत चित्रपटाची जाहिरात लागली, आणि काय सांगू, पुन्हा तोच कल्ला. आता वाद त्या कंबरेवर. एवढी चांगली नायिका, एवढे समंजस कपडे, आणि पाठीला मुद्दाम भोक! मी संध्याकाळी खाली गेले तर चेंडू पालथी पडून फोनवर आलेलं मोठ्याने वाचत होती. कुणीतरी लिहिलं होतं की शेवटी कुणातरी पुरुषाला राहवलं नाहीच, ही कंबर ज्याने कापली त्याच्या घरात आई-बहीण नाही का? पोरगी हसायला लागली, हसताना कंबर दुखली म्हणून कळवळली आणि परत हसली. मला असा राग आला की तो फोन खिडकीबाहेर फेकावा. मावशी गरम पाण्याची पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, बरोबर लिहिलंय त्याने.

तेवढ्यात तो फोन वाजला. फाइट मास्टर होता. चेंडू ऐकत होती, हो म्हणत होती, परत हो म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, नवीन चित्रपट आहे. दुसरी नायिका. या जाहिरातीतली कंबर बघून त्यांनी सगळी पाठच उघडी ठेवलीय, त्यामुळे काम मलाच. दोन महिन्यांनी. तोवर मी बरी होते ना, मावशी?

मी मावशीच्या तोंडाकडे बघत होते. आता बोल, म्हटलं मनात. नाही म्हण एकदा.

"किती पायऱ्या?" मावशीने विचारलं.

"पायऱ्या नाहीत या वेळी," चेंडू म्हणाली. "गच्चीवरून आहे."

मावशीने पिशवी बाजूला ठेवली. पोरगी हाताच्या आधाराने उठायला लागली. "उठू नकोस," मावशी म्हणाली, "पालथीच राहा. माप घेते." आणि सुजलेल्या जागेला धक्का न लावता तिने तिच्या पाठीवर टेप ठेवला.